मुद्रित ग्रंथाची पुष्पिका : निर्णयसागराचें घराणें

(१)

हस्तलिखित पोथी हातीं आली म्हणजे संशोधक प्रथम तिचें शेवटचें पान उघडतो. ग्रंथ कोणाचा हें आरंभींच कळतें. परंतु ही प्रत कोणीं, कोठें, कोणत्या शकांत व कोणासाठीं उतरली हें सांगणारी पुष्पिका शेवटीं असते. लेखकानें आपलें नांव, पित्याचें नांव, उपनांव, गांव, तिथि व वार लिहून ठेविल्यामुळेंच एका ग्रंथाच्या दहा प्रतींचा पूर्वापरक्रम आपणांस लावतां येतो. ही गोष्ट ह्या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगण्याची आवश्यकता नाहीं. सांगावयाचें तें एवढेंच कीं, छापील पुस्तकासहि अशीच पुष्पिका असते, आणि आपण ती वाचीत नाहीं.

आंबिवली येथें सेवानिवृत्तीनंतर आमचा मुक्काम आहे. गेल्या वर्षीं काळू नदीच्या पलीकडील एका खेड्यांतून याज्ञिकी करणाऱ्या घराण्याचें एक जुनें दप्तर आमच्याकडे पाहण्यास आलें. आणणाऱ्या गृहस्थांनीं त्याचे दोन भाग आधींच केले होते. तांबड्या फडक्यांत हस्तलिखितें बांधलेलीं होतीं. दुसरें गांठोडें छापील पुस्तकांचें होतें, व तें रद्दींत द्यावयाचें ठरलें होतें. "गुरुजी, हीं काय, छापलेलींच आहेत, आपण पोथ्या तेवढ्या पाहा," असें ते म्हणाले. आम्हीं गांठोडें सोडविलें. त्यांत मल्लिनाथाच्या टीकेसह असलेल्या रघुवंशाच्या निर्णयसागरी तीन प्रती निघाल्या. आणि तिन्हींवर प्रकाशकाचें नांव निराळें होतें.

त्या गृहस्थांस दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. आम्ही एके शाळेंत संस्कृत शिकवीत असतां तेथील कपाटांची छाटणी आमच्याच हातून झाली होती. जागा थोडी, पुस्तकें फार. तेव्हां एकच पुस्तक तीन तीन वेळां कशास ठेवावें, असा हिशेब करून आम्हीं जुन्या आवृत्त्या काढून टाकिल्या व सर्वांत नवी तेवढी ठेविली. तीं पुस्तकें आतां परत मिळावयाचीं नाहींत. त्या वेळीं जी गोष्ट आम्हांस कळावयास हवी होती, ती येथें मांडण्याचा विचार आहे.

(२)

छापलेल्या पत्राची 'प्रत' कशी ओळखावी, ह्या प्रश्नाचा खल यूरोपांतील चित्रसंग्राहकांनीं फार बारकाईनें केला आहे. त्यांच्या शास्त्राचीं उत्तम उदाहरणें हॉलंडांतील ताम्रपट कोरणाऱ्या व चित्रें छापून विकणाऱ्या घराण्यांत सांपडतात. म्हणून क्षणभर तिकडे वळणें अवश्य आहे.

सोळाव्या व सतराव्या शतकांतील ताम्रपटचित्राच्या खालच्या कडेस बहुधा तीन लॅटिन क्रियापदें आढळतात. ज्यानें मूळ चित्र कल्पिलें त्याच्या नांवापुढें 'इन्व्हेनिट', ज्यानें तांब्यावर तें कोरिलें त्याच्या नांवापुढें 'स्कल्प्सिट', व ज्यानें तें छापून प्रसिद्ध केलें त्याच्या नांवापुढें 'एक्स्कूडिट'. एका कार्याचे हे तीन कर्ते होत, आणि तिघांचाहि मान कागदावर राखिला जाई. कधीं कधीं हे तिघे एकाच घरांतले असत. क्रिस्पिन व्हान डे पास (१५६४–१६३७) हा झीलंड प्रांतांत जन्मला व कोलोन येथें कांहीं काळ राहून पुढें उट्रेख्ट येथें स्थायिक झाला. त्याचे सिमोन, दुसरा क्रिस्पिन व विलेम हे तीन पुत्र आणि माग्दालेना ही कन्या, सर्वांनींच हातीं कोरणी धरिली. पैकीं दुसऱ्या क्रिस्पिनाचें पुष्पचित्रांचें पुस्तक १६१४ सालचें आहे. बापाच्या हाताखालीं मुलांनीं शिकावें, मुलीनेंहि शिकावें, व पुढें एकानें लंडनास, एकानें कोपनहेगनास जाऊन तोच धंदा करावा, असें हें कुल होतें.

दुसरें घराणें ॲम्स्टरडॅमच्या विशेर कुलाचें. विशेर म्हणजे मासे धरणारा, आपल्याकडील कोळी. मूळपुरुष क्लास यान्सझोन विशेर (१५८७–१६५२) ह्याच्या काल्व्हरस्ट्राट रस्त्यावरील दुकानाची खूण कोळ्याचीच होती. लॅटिनांत तो आपणांस 'पिस्काटोर' म्हणवी, आणि आपल्या चित्रांतहि खूण म्हणून कोठें कोठें मासे धरणारा मनुष्य काढी. त्याच्यामागें पुत्र निकोलास (१६१८–१६७९), त्यामागें नातू दुसरा निकोलास (१६४९–१७०२), व नातवाच्या पश्चात् त्याची विधवा एलिझाबेथ व्हेर्सेल हिनें १७२६ पर्यंत दुकान चालविलें. चार धन्यांचें मिळून शंभरांहून अधिक वर्षांचें हें राज्य होतें. तिच्यानंतर कुलाचे पुष्कळ ताम्रपट पीटर शेंक नांवाच्या प्रकाशकाकडे गेले.

आतां संग्राहकांच्या उपयोगाची गोष्ट अशी. अशा घराण्याची खरी मालमत्ता म्हणजे कोरलेले ताम्रपट. ते बापाकडून मुलाकडे जात, विकत घेतले जात, गहाण पडत. नवा धनी पट हातीं येतांच जुन्याचें नांव घांसून आपलें नांव कोरी. विधवा असेल तर अमक्याची विधवा असें कोरून घेई. चित्र तेंच, पट तोच. पण नांवाची ओळ बदलली. म्हणून त्या ओळीवरूनच हा कागद पटाच्या कोणत्या 'अवस्थे'चा, म्हणजे कोणाच्या काळीं छापलेला, हें सांगतां येतें. रेषा झिजलेल्या आहेत कीं ताज्या, हेंहि त्याबरोबर पाहतात. आपण पुष्पिकेवरून जें साधतों तेंच ते नांवाच्या ओळीवरून साधतात.

(३)

आपल्या नागरी अक्षरांचा व डच ताम्रपटांचा संबंध आपल्या सामान्य समजुतीपेक्षां जुना आहे. अथानासियस किर्खेर ह्याचा चीनविषयक लॅटिन ग्रंथ १६६७ मध्यें ॲम्स्टरडॅम येथें निघाला. त्यांत, आग्र्यास राहून संस्कृत शिकलेल्या हाइनरिख रोट ह्या जेझुइटानें पुरविलेलीं नागरी वर्णमालेचीं पत्रें कोरून छापलीं आहेत. पुढें कोचीनच्या डच वखारीचा अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हेडे ह्याचा मलबारांतील वनस्पतींवरील प्रचंड ग्रंथ, 'होर्तुस मलबारिकुस', हाहि ॲम्स्टरडॅमासच १६७८ पासून १६९३ पर्यंत बारा खंडांत प्रसिद्ध झाला. त्याच्या पहिल्या खंडांत रंगभट, विनायक पंडित व आपूभट ह्या तिघां कोंकणी ब्राह्मणांचें १६७५ सालचें प्रमाणपत्र आहे. भाषा कोंकणी, लिपि नागरी. कोचीनास बोरूनें लिहिलेलें अक्षर, त्याचा एक वर्णहि न जाणणाऱ्या कारागिरानें हॉलंडांत तांब्यावर उतरविलें. त्याच्या दृष्टीनें तीं अक्षरें नव्हतीं, चित्र होतें; आणि चित्र म्हणूनच त्यानें तें उतरून घेतलें.

महाराष्ट्रांत ताम्रपटावरून ग्रंथ छापण्याचा उद्योग ह्यानंतर सव्वाशें वर्षांनीं झाला. पुण्यास इंग्रजांचा वकील चार्लस् मॅलेट असतां त्याच्या आश्रयास असलेल्या एका तांबटास कोरीव कामाचें शिक्षण मिळालें होतें. नाना फडणीसांनीं भगवद्गीता तांब्यावर कोरवून छापण्याचा उपक्रम आरंभिला. परंतु १८०० मध्यें नाना निवर्तले. मग तो कारागीर मिरजेस गंगाधरराव गोविंद पटवर्धन ह्यांच्याकडे गेला व तेथें १८०५ मध्यें गीता छापून निघाली. ही मिरजेची गीता आपल्या इकडील मुद्रणेतिहासांत सुप्रसिद्धच आहे. येथें लक्षांत घ्यावयाचें तें हें कीं, भांडीं घडविणाऱ्या तांबटाच्या हातानेंच अक्षर उलटें कोरावयाचें कसब प्रथम साधिलें. ज्ञानेश्वरी कीं गीता हा प्रश्न शास्त्र्यांचा. तांबें व कोरणी ही विद्या कारागिराची.

तथापि ताम्रपटाची मर्यादा उघड आहे. एका पटावर एकच पान कोरितां येतें. तें पान छापून झालें म्हणजे त्या पटाचा दुसरा उपयोग नाहीं. अठरा अध्यायांची गीता अशी निघेल. महाभारत निघावयाचें नाहीं. त्यासाठीं सुटीं अक्षरें, ज्यांस छापखान्यांत खिळे म्हणतात, तीं पाहिजेत. बंगाल्यांत हें काम पंचानन कर्मकार ह्या लोहारानें केलें. चार्लस् विल्किन्स ह्याच्या हाताखालीं १७७८ च्या बंगाली व्याकरणाच्या अक्षरांत त्याचा हात होता. पुढें तो श्रीरामपूरच्या मिशनकडे गेला. त्याची विद्या जांवई मनोहर ह्याच्याकडे, व मनोहराची त्याचा पुत्र कृष्णचंद्र ह्याच्याकडे गेली. म्हणजे येथेंहि कुलपरंपराच. मुंबईस अमेरिकन मिशननें १८१६ मध्यें छापखाना घातला तेव्हां नागरी खिळे कलकत्त्याहूनच आणावे लागले. ते ओबडधोबड होते. त्याच छापखान्यांत पुढें टॉमस ग्रॅहॅम ह्यानें सुबक नागरी अक्षरांचे ठसे पाडिले, आणि निर्णयसागराच्या कथेस तेथूनच आरंभ होतो.

(४)

जावजी दादाजी चौधरी ह्यांचा जन्म १८३९ सालचा. घरची गरिबी, शाळेंतील शिक्षण बेताचें. लहान वयांतच ते अमेरिकन मिशनच्या ओतशाळेंत खिळे घासण्याच्या कामावर लागले. खिळा सांच्यांतून निघाला म्हणजे त्याच्या कडा खरबरीत असतात. त्या घासून सारख्या करणें हें तेथील सर्वांत खालचें काम. परंतु त्या कामांत प्रत्येक अक्षर बोटांखालून जातें. पुढें दुसऱ्या छापखान्यांतून अनुभव घेऊन त्यांनीं १८६४ मध्यें स्वतःची अक्षरें ओतण्याची शाळा काढिली व १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना घातला. हा क्रम मनांत ठेवण्यासारखा आहे. आधीं अक्षर, मग छापखाना, व त्यानंतर ग्रंथप्रकाशन. बहुतेक छापखानेवाले खिळे विकत घेऊन धंद्यास आरंभ करीत. जावजींनीं खिळ्यांपासूनच आरंभ केला. म्हणून निर्णयसागरी अक्षर त्यांच्या स्वतःच्या पुस्तकांत तर दिसतेंच, शिवाय त्यांच्याकडून खिळे विकत नेणाऱ्या इतर छापखान्यांच्या पुस्तकांतहि दिसतें.

पंचांगानें निर्णयसागर हें नांव घरोघर पोंचविलें. विनायक कोंडदेव ओक ह्यांच्या 'बालबोध' मासिकानें (१८८१ पासून) तें मुलांस ठाऊक केलें. वामन दाजी ओक ह्यांनीं संपादिलेल्या 'काव्यसंग्रहा'नें जुनी मराठी कविता एकत्र केली. परंतु संस्कृतज्ञांवर ह्या घराण्याचे जे उपकार आहेत ते 'काव्यमाले'मुळें. ही मालिका १८८६ मध्यें सुरू झाली. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद व काशिनाथ पांडुरंग परब हे तिचे संपादक. 'रसगंगाधर' १८८८ मध्यें, 'ध्वन्यालोक' १८९१ मध्यें, व भरताचें 'नाट्यशास्त्र' पंडित शिवदत्त व परब ह्यांच्या संपादनानें १८९४ मध्यें ह्या मालेंत निघालें. सोमदेवाचा 'कथासरित्सागर' १८८९ चा. जे ग्रंथ तोंपर्यंत शास्त्र्यांच्या घरच्या दप्तरांत, राजांच्या पोथीशाळांत वा मठांत होते, ते अल्प किंमतींत विद्यार्थ्याच्या हातीं आले.

जावजी १८९२ मध्यें वारले. त्यांच्यामागें पुस्तकांवर तुकाराम जावजी हें नांव येऊं लागतें. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीपासून पांडुरंग जावजी हें नांव येतें. दोहोंच्या नांवांत पितृनाम एकच आहे. आणि १९४० नंतरच्या दशकांतील पुस्तकांवर सत्यभामाबाई पांडुरंग हें नांव आहे. येथें 'पांडुरंग' हें पतीचें नांव. ॲम्स्टरडॅमास एलिझाबेथ व्हेर्सेल हिनें जें केलें तेंच येथें मुंबईच्या कोलभाट गल्लींत झालें. पुरुषांच्या पश्चात् घरच्या स्त्रीचें नांव ग्रंथाच्या मुखपत्रावर आलें. भेद इतकाच कीं, तेथें ती केवळ 'अमक्याची विधवा' म्हणून ओळखिली जाते. येथें प्रथम तिचें स्वतःचें नांव आहे व मग पतीचें.

(५)

घराण्याच्या नांवांची ही परंपरा मुखपत्रावर वाचतां येते. परंतु एक नांव तेथें कोठेंच नाहीं, आणि तें समजण्यासाठीं खिळा कसा होतो हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे.

प्रथम मऊ पोलादाच्या कांडीच्या टोंकावर अक्षर उलटें व उठावदार कोरतात. कारागीर ह्यास पंच म्हणतात. अक्षराच्या आंतील पोकळ्या, जसें 'घ' मधील वा 'ध' मधील, खोदून काढणें हें त्यांतील अवघड काम. कोरीत असतां टोंक दिव्याच्या काजळींत धरून कागदावर दाबून पाहतात. वळण साधलें नसेल तर पुन्हा कोरणी चालवितात. पसंत पडल्यावर कांडी तापवून पाणी देऊन कठीण करतात व तांब्याच्या तुकड्यावर ठोकतात. त्यानें तांब्यांत अक्षराचा खोलगट ठसा पडतो. हा ठसा हातसांच्यांत बसवून त्यावर शिसें, अँटिमनी व कथील ह्यांचा रस ओतला म्हणजे खिळा तयार होतो. खिळे झिजतात, ते वितळवून पुन्हा ओततां येतात. पंच व तांब्याचे ठसे मात्र जपावे लागतात. विशेर घराण्यास जसे ताम्रपट तसे निर्णयसागर घराण्यास हे ठसे, हीच मूळ दौलत.

इंग्रजीस शंभरसव्वाशें खिळ्यांत काम भागतें. नागरीस तें कित्येक शेंकड्यांवर जातें. काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार, अर्धीं अक्षरें, व संस्कृतासाठीं एकाखालीं एक लागणारीं जोडाक्षरें, हीं सर्व निरनिराळीं कोरावीं लागतात, आणि जुळविलीं असतां शिरोरेघ अखंड दिसली पाहिजे. एका अक्षराची रेघ केसभर वर गेली तर सबंध ओळ दांतेरी दिसते. निर्णयसागरी पानावरील ओळ सरळ व शांत दिसते ती ह्या कसबामुळें. लहान अक्षरांतील टीका व टिपणी वाचतां डोळ्यांस शीण होत नाहीं, हेंहि त्याचेंच फळ.

हें काम जावजींचे सहकारी राणोजी रावजी आरू ह्यांचें. निर्णयसागराच्या अक्षरांचे पंच त्यांनीं कोरिले. मुद्रणाच्या इतिहासांत त्यांचें नांव नोंदलेलें आहे, परंतु 'काव्यमाले'चा गुच्छ, 'अमरकोश' किंवा 'सिद्धांतकौमुदी' उघडून पाहावी, तर ग्रंथकार आहे, टीकाकार आहे, संशोधन करणारे पंडित आहेत, प्रकाशक आहे, छापणाराहि आहे, कोरणारा नाहीं. डच कागदाच्या भाषेंत बोलावयाचें तर, आपल्या मुद्रित ग्रंथांवर 'इन्व्हेनिट' आहे, 'एक्स्कूडिट' आहे, 'स्कल्प्सिट' नाहीं. हस्तलिखिताच्या युगांत ज्याच्या हाताचें वळण त्याचें नांव पुष्पिकेंत असे. मुद्रणाच्या युगांत एकाच माणसाच्या हाताचें वळण लक्षावधि पानांवर गेलें, आणि त्याचें नांव पानावरून नाहींसें झालें.

(६)

आतां आंबिवलीस आलेल्या तीन रघुवंशांकडे वळूं व त्यांवरून पुष्पिका कशी वाचावी हें पाहूं.

पहिल्या प्रतीच्या मुखपत्राचा खालचा कोपरा कसरीनें खाल्ला आहे. साल गेलें आहे. परंतु प्रकाशकाचें नांव तुकाराम जावजी असें स्पष्ट आहे. म्हणजे पुस्तक १८९२ नंतरचें व पांडुरंग जावजींच्या पूर्वींचें. पान उलटलें तर मागील बाजूस छापणाराची बारीक ओळ आहे व तींत घाणेकर हें नांव आहे. छापणारा म्हणून घाणेकरांचें नांव विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतील निर्णयसागरी पुस्तकांवर येतें. त्यानंतर रामचंद्र येसू शेडगे हें नांव येऊं लागतें व तें दीर्घकाळ चालतें. यावरून साल नसतांहि प्रतीचा काळ दहाबारा वर्षांच्या आंत आणतां आला. दुसऱ्या प्रतीवर प्रकाशक पांडुरंग जावजी व छापणारे शेडगे. तिसरी १९४८ ची, अकरावी आवृत्ति. संपादक नारायण राम आचार्य, व प्रकाशक म्हणून सत्यभामाबाई पांडुरंग. पत्त्यावरहि लक्ष ठेवावें. जुन्या पुस्तकांवर कोलभाट गल्ली, घर क्रमांक २३ असा पत्ता आहे. मागाहूनच्यांवर २६–२८ असा.

येथें दोन सावधगिरीच्या सूचना आहेत. पहिली अशी कीं, छापखान्याचें नांव व मालकाचें नांव ह्यांत गल्लत करूं नये. तुकाराम जावजींच्या पुस्तकांवरहि छापखाना 'जावजी दादाजी यांचा निर्णयसागर' असाच म्हटलेला आढळतो. तेवढ्यावरून पुस्तक जावजींच्या हयातींतलें ठरत नाहीं. हाच प्रकार गणपत कृष्णाजींचा. शिळाछापावर पंचांग काढणारे हे मुंबईचे आद्य मुद्रक १८६० मध्यें वारले. परंतु गणपत कृष्णाजी यांचा छापखाना हें नांव त्यापुढेंहि अनेक वर्षें पुस्तकांवर येत राहिलें. दुसरी सूचना ही कीं, जावजींच्या काळच्या कित्येक पुस्तकांवर मालकाचें नांवच नाहीं. संस्कृतांत 'यंत्रालयाचा अधिपति' अशा अर्थाचे शब्द व इंग्रजींत छापखान्याचा मालक एवढाच उल्लेख असतो. अशा ठिकाणीं संपादकाचें नांव व आवृत्तीचा अंक हींच साधनें.

कोणी विचारील, ग्रंथ तोच असतां आवृत्तीचा एवढा खटाटोप कशास? येथेंच ताम्रपट व खिळे ह्यांतील भेद उपयोगीं पडतो. ताम्रपटाच्या दुसऱ्या अवस्थेंत रेषा पहिल्याच असतात; नांव तेवढें बदलतें. खिळ्यांचें तसें नाहीं. फर्मा छापून झाला म्हणजे खिळे सोडवून घरांत परत टाकतात. नवी आवृत्ति काढावयाची म्हणजे सबंध ग्रंथ नव्यानें जुळवावा लागतो, नव्यानें तपासावा लागतो. म्हणून खिळ्यांनीं नव्यानें जुळविलेली प्रत्येक आवृत्ति ही मागील आवृत्तीवरून उतरलेली नवी प्रतच होय. आणि लेखकप्रमाद जसा बोरूनें होतो तसा खिळ्यांनींहि होतो. अक्षर गळतें, ओळ सुटते, पूर्वींचा अशुद्ध पाठ सुधारतो व शुद्ध पाठ बिघडतो. त्यांतून संपादक बदलला म्हणजे टिपाहि बदलतात.

टिपांचें महत्त्व पोथीसंग्राहकांनीं तरी विसरूं नये. काव्यमालेच्या संपादकांनीं ठिकठिकाणच्या पोथ्या मिळवून त्यांस क, ख, ग अशा खुणा दिल्या व पाठभेद पानाच्या तळाशीं नोंदिले. पोथ्या पुढें मालकांकडे परत गेल्या. वाळवी, ओल व वाटण्या ह्यांतून ज्या नष्ट झाल्या त्यांची साक्ष आतां त्या तळटिपांतच उरली आहे. मागाहूनच्या आवृत्तींत टीप गाळली गेली असेल तर पहिल्या आवृत्तीची प्रत हीच त्या पोथीची प्रतिनिधि. आम्हीं शाळेंतून ज्या जुन्या आवृत्त्या काढून टाकिल्या त्यांबरोबर असे किती साक्षीदार गेले असतील, ह्याचा विचार आतां मनास लागून राहतो.

अलीकडे निर्णयसागरी ग्रंथांचीं छायाचित्रित पुनर्मुद्रणें उत्तरेकडील प्रकाशकांनीं काढिलीं आहेत. त्यांमुळें दुर्मिळ ग्रंथ सुलभ झाले हें खरें. परंतु आंतील पानें जुन्या एखाद्या आवृत्तीचीं व मुखपत्र नवें, असा प्रकार त्यांत होतो. कोरणाराचें नांव आधींच नव्हतें. आतां प्रसिद्ध करणाराचेंहि गेलें. अभ्यासक पुनर्मुद्रणाचें साल देऊन मोकळा होतो, व शंभर वर्षांपूर्वींचा पाठ कालपरवांचा समजला जातो. विशेरचें नांव घांसून आपलें कोरणाऱ्या शेंकास निदान तांबें विकत घ्यावें लागलें होतें.

(७)

यावरून संग्राहकांस कांहीं व्यवहार्य विनंत्या करतों. पोथ्यांच्या दप्तरांत छापील पुस्तकें आलीं तर तीं पृथक् करून टाकूं नयेत. कोणत्या पोथीबरोबर कोणतें पुस्तक होतें ह्यावरूनहि त्या घरचें अध्ययन कळतें. पुस्तक पुन्हा बांधावयास देतांना मुखपत्र, त्याची मागील बाजू व शेवटचें पान हीं कापूं देऊं नयेत; बांधणारास हीं तिन्ही पानें निरुपयोगी वाटतात. सूची करतांना ग्रंथनाम व ग्रंथकार ह्यांपुढें संपादक, आवृत्तीचा अंक, प्रकाशक, छापणारा, पत्ता व साल इतके रकाने ठेवावे. साल नसेल तर बाकीच्यांवरून काळ ठरवावा. आणि सातवा रकाना अक्षराचा असावा. 'अ', 'झ', 'ण' व ५, ८, ९ ह्यांचीं वळणें मुंबईचीं आहेत कीं काशीकलकत्त्याचीं, मूळ व टीका ह्यांचीं अक्षरें किती लहानमोठीं आहेत, हें दोन शब्दांत लिहिलें तरी पुरे. ज्या पुस्तकांवर निर्णयसागराचें नांव नाहीं पण अक्षर निर्णयसागरी आहे, तीं ह्या रकान्यांतून आपोआप एकत्र येतील, व त्या ओतशाळेचे खिळे कोठवर गेले होते हें गांवोगांवच्या सूच्यांवरून दिसूं लागेल. अशा पुस्तकाच्या नोंदींत 'अक्षर : राणोजी रावजी आरू यांच्या पंचांचें' असें लिहावें. मुखपत्रानें जें नांव दिलें नाहीं तें सूचीनें द्यावें.

तिन्ही रघुवंश आम्हीं त्या गृहस्थांस परत केले, ते रद्दींत घालणार नाहींत असें वचन घेऊन. आपण होऊन त्यांनीं ते पोथ्यांच्या तांबड्या फडक्यांत बांधले.